बासष्टावी नळी

मी सेंट्रिफ्यूज. माझा धंदा मारहाणीचा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. रक्ताने भरलेली नळी माझ्या पोटात ठेवतात, झाकण लावतात आणि बटण दाबतात. मग मी तिला मिनिटाला तीन हजार वेळा गरगर फिरवतो. पंधरा मिनिटांनी झाकण उघडलं की जड लाल रक्त तळाशी बसलेलं असतं आणि वर पिवळसर पाणी निवळलेलं असतं. डॉक्टर लोकांना ते पिवळं पाणी हवं असतं. गोडीगुलाबीने ते मिळत नाही.

सध्या मी इस्पितळाच्या मागच्या व्हरांड्यात पडून आहे. पाय मोडलेल्या दोन खाटा, एक चाक नसलेलं स्ट्रेचर आणि मी, असा आमचा संसार. माझ्या झाकणावर पोलिसांची पट्टी आहे आणि तिच्यावर सही-शिक्का आहे, कारण कोर्टाच्या भाषेत मी मुद्देमाल आहे. खटला गेल्या वर्षी निकाली निघाला. उद्या भंगारवाला येणार म्हणतात, तेव्हा आज बोलून घेतो.

कारखान्यात मी तयार झालो त्याच दिवशी मला चार तास सलग पळवलं होतं. कुठे तडा जातोय का, बघायला. गेला नाही. मग लाकडी खोक्यात ठोकून मला इथे पाठवलं आणि अपघात विभागाला लागून असलेल्या एका चिंचोळ्या खोलीत टेबलावर बसवलं. खोलीत एक बेसिन, एक फ्रीजर, एक स्टूल आणि लॅबवाले काका. काका अंगाने किरकोळ, पण हाताला पक्के. मला सुरू करताना ते दर वेळी "चला, राजे" म्हणायचे.

काकांनी मला एकच नियम शिकवला, म्हणजे मला नव्हे, मला हात लावणाऱ्यांना. एका बाजूला नळी ठेवली की बरोबर तिच्या समोर तेवढ्याच वजनाची दुसरी नळी ठेवायची. रक्ताची नसेल तर पाण्याची. नाहीतर माझा तोल जातो, आणि तोल गेलेला मी फार वाईट.

शेजारच्या अपघात विभागातून रक्त यायचं. चाकाखाली सापडलेल्यांचं, काचेत हात घातलेल्यांचं, भोसकलेल्यांचं, विटेने ठेचलेल्यांचं. माणसं एकमेकांना कशाकशाने मारतात याची यादी काकांना तोंडपाठ होती. इस्त्री, पाना, बाटली, कुकरचं झाकण. एक बाई महिन्या-दोन महिन्यांनी यायच्या आणि दर वेळी जिन्यावरून पडले म्हणायच्या. काका नळीवर नाव लिहिता लिहिता पुटपुटायचे, "जिन्याला बोटं असतात वाटतं, गळ्यावर उमटलीत ती." मी नळी फिरवायचो. लाल खाली, पिवळं वर. मारणाऱ्याचं आणि मार खाणाऱ्याचं पिवळं पाणी सारखंच दिसतं, एवढं मी शपथेवर सांगतो.

आता एका उंच मुलाचं सांगतो. नवीनच डॉक्टर झालेला, सगळे त्याला शिडी म्हणायचे. त्याच्या डोक्यात एक प्रश्न घुसला होता आणि त्याचं उत्तर शोधायला त्याला रक्ताचे नमुने लागत होते. काका रजेवर होते. त्याने एक नळी ठेवली, समोर काहीच ठेवलं नाही, आणि बटण दाबलं. मी थरथरलो, धडधडलो, टेबलावरून चालत निघालो आणि थेट त्याच्या पायावर कोसळलो. त्याचा अंगठा मोडला. माझ्या झाकणाची कडी मोडली. मी फिरत असेपर्यंत झाकण उघडू द्यायचं नाही, एवढंच त्या कडीचं काम.

आवाज ऐकून अपघात विभागाच्या प्रमुख धावत आल्या. त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. ठेंगण्या, केस आखूड कापलेले, आवाज असा की ओरडल्या तर सलाईनचे स्टँड सरळ उभे राहतील. त्या ओरडल्या. दहा-बारा जण दारात जमले असताना त्या मुलाला म्हणाल्या, "साधं यंत्र लावता येत नाही आणि निघाला संशोधन करायला." मुलगा लंगडत निघून गेला. आठवड्याने त्याने नोकरी सोडली. त्याचे कागद कितीतरी दिवस स्टुलावर तसेच पडून होते.

काका रजेवरून आल्यावर बाईंना म्हणाले, "त्याला कोणी दाखवलंच नव्हतं हो. दोनदा विचारायला आला होता तुमच्याकडे. तुम्ही राउंडला होतात."

बाई स्टुलाकडे गेल्या. ते कागद उचलून त्यांनी शेवटपर्यंत वाचले. उभ्या उभ्याच. मग स्टुलावर बसल्या आणि परत पहिल्यापासून वाचले.

कडीसाठी काकांनी अर्ज केला. बाईंनी सही केली. वर काही हललं नाही. दुसरा अर्ज केला, तिसरा केला. तोवर काकांनी झाकणावर जखमेला लावायची चिकटपट्टी आडवी मारून ठेवली. तात्पुरती म्हणून मारलेली ती पट्टी चार वर्षं चालली.

मग ती आली. तिचं नाव सांगत नाही, इथे कोणी घेतही नसे. सगळे तिला लगबग म्हणायचे. ती चालायची नाही, पळायची. जेवायची उभ्याने, लिहायची भिंतीला वही टेकवून. अपघात विभागात काम करता करता तिला एक गोष्ट खटकली होती. सारख्याच जखमेची दोन माणसं येतात. एकाचं रक्त टाके घातले की थांबतं, दुसऱ्याचं काही केल्या थांबत नाही आणि तो डोळ्यांदेखत रिकामा होतो. दुसरा कोण, हे तो दारातून आत आल्या आल्या रक्तावरून ओळखता येईल का? आलं, तर त्याला लागणारी औषधं आणि रक्त आधीच जोडता येईल. त्यासाठी दोनशे जखमींच्या रक्ताची एकेक नळी हवी होती, तीही रुग्ण आत आल्यापासून अर्ध्या तासाच्या आत माझ्यात फिरायला लावलेली.

ती हे घेऊन बाईंकडे गेली तेव्हा मला वाटलं, आता हिचाही अंगठा मोडणार. पण बाईंनी तिला आत बोलावलं. माझ्याच खोलीत, कारण माझ्या आवाजामुळे तिथे सहसा कोणी फिरकत नसे. दर बुधवारी दुपारी एक तास दार लोटून दोघी बसू लागल्या. बाई स्टुलावर, लगबग उलट्या घातलेल्या बादलीवर. बाईंच्या हातात लाल पेन्सिल. मी अनेक शस्त्रं पाहिली आहेत, पण त्या पेन्सिलीइतकं रक्त कोणी काढलं नसेल.

"'बहुतेक रुग्ण' म्हणजे किती?"

"बहुतेक म्हणजे... बरेच."

"मोजलेस की अंदाजपंचे?"

लाल रेघ. पुढचं पान.

पण त्याच बाई आठवड्यातल्या दोन दुपारी लगबगच्या जागेवर स्वतः बाह्यरुग्ण तपासायला बसायच्या, म्हणजे तिला अभ्यासाला वेळ मिळावा. दुसऱ्या विभागाचे प्रमुख जाता येता टोमणे मारायचे, "काय, दत्तक घेतलीत का?" बाई म्हणायच्या, "हो, आणि तुमच्यासारखी लाडावून ठेवणार नाहीये." एकदा लगबगने विचारलं, "बाई, तुम्ही नाही केलंत कधी संशोधन?" बाईंनी पेन्सिलीला टोक काढत सांगितलं, "सुरू केलं होतं. माझ्या सरांनी वही खिडकीतून खाली फेकली. पावसाळी गटार होतं खाली. मी उतरून काढायला गेले नाही, तेवढंच चुकलं."

लगबगच्या आईचा मात्र रोज फोन. "कशाला जीव काढतेस तिथे? आपल्या गावात साधा दवाखाना टाक. कोणाची दोन वाजता सुरी नाही आणि तीन वाजता कात्री नाही." लगबग "हो गं आई, हो गं आई" म्हणत माझ्यात नळ्या लावायची.

आता एक नियम नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. परवानगी देणाऱ्या समितीने सवलत दिली होती. रुग्ण बेशुद्ध असेल आणि त्याचं कोणी पोचलं नसेल, तर उपचारासाठी रक्त काढतानाच एक नळी जास्त भरून घ्यायची, आणि नातेवाईक आले की त्यांना लगेच विचारायचं. ते नाही म्हणाले तर नळी अभ्यासातून बाद. बाईंनी त्यावर आपली एक अट चढवली होती. "दाराशी त्याचं माणूस उभं असेल, तर आधी माणूस, मग यंत्र. अर्धा तास टळला तरी चालेल. नळी वाया गेली तरी चालेल."

एकसष्ट नळ्या झाल्या. एकसष्ट फॉर्म झाले. काही सह्या थरथरत्या, एकीवर रक्ताचा अंगठा उमटलेला. लगबग "इथे सही करा, इथे" म्हणायची आणि माणसं करायची. ज्याचा मुलगा आत पडलाय तो कशावरही सही करतो. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, खरं सांगायचं तर मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं.

तो दिवस. दुपारचे बारा. दुकानासमोर स्कूटर लावण्यावरून दोन शेजारी भांडले आणि एकाने दुसऱ्याच्या मांडीच्या मुळाशी सुरा खुपसला. पंचविशीचा मुलगा. आणला तेव्हा पँट काळी होऊन चिकटली होती. लगबग आदल्या सकाळपासून उभी होती. तिने दोन्ही मुठी त्याच्या मांडीत दाबल्या आणि कोणी सर्जन येईपर्यंत तशीच वाकून राहिली. दुसऱ्या कोणीतरी रक्त काढलं, नेहमीप्रमाणे एक नळी जास्त. सर्जन आले, त्यांनी तिला बाजूला केलं, आणि ती नळी घेऊन माझ्याकडे पळत आली. कोपरापर्यंत लाल. घड्याळात सव्वीस मिनिटं झाली होती.

काका म्हणाले, "बाहेर त्याचा थोरला भाऊ आलाय."

"चारच मिनिटं उरलीत काका. ही लावते आणि जाते."

"आधी जाऊन या ना."

"लावते आणि जातेच."

बासष्टावी नळी. समोर पाण्याची नळी. झाकण, चिकटपट्टी, बटण. मी वेग घेतला. ती बेसिनवर हात धुवायला वळली, आणि तेवढ्यात पलीकडे तो मुलगा गेला.

सर्जनने बाहेर जाऊन भावाला सांगितलं. भावाने विचारलं, आत त्याच्यावर वाकलेली ती पोरगी कुठे गेली? दाराशी उभ्या असलेल्या कोणा कर्मचाऱ्याने भाबडेपणाने उत्तर दिलं, "त्या त्याचं रक्त घेऊन गेल्यात. अभ्यासाला लागतं त्यांना." हे सगळं नंतर काकांनी पोलिसांना सांगितलं तेव्हा मला कळलं. मला त्या वेळी फक्त काच फुटल्याचा आवाज आला.

आधी अपघात विभागाची काच गेली. मग औषधांची ढकलगाडी आडवी झाली. कोणीतरी किंचाळलं, कोणीतरी पळालं, आणि आमचं दार लाथेने उघडलं. पुढे तो भाऊ, मागे चौघे. भाऊ वेल्डर होता. हातांवर ठिणग्यांचे जुने डाग, खांदे दाराएवढे. काका आडवे गेले. एका थपडेत त्यांचा चष्मा भिंतीवर आणि काका फ्रीजरवर.

"रक्त कुठाय माझ्या भावाचं?"

लगबग माझ्यासमोर उभी राहिली. का, ते मला अजून कळलेलं नाही. ती म्हणाली, "ऐका, मी तुम्हाला सांगायलाच येत होते." त्याने तिचे केस धरले आणि डोकं फ्रीजरच्या कडेवर आपटलं. एकदा. परत एकदा. तिचा कान फाटला. ती खाली बसली तेव्हा मागच्यातल्या दोघांनी तिला लाथा घातल्या. एकाने सलाईनचा स्टँड घेतला होता, तो तिच्या पाठीवर पडला. ती ओरडत नव्हती. डोकं हातांत धरून "थांबा, हात घालू नका, ते फिरतंय" एवढंच म्हणत होती. मार खाताना ती हे म्हणत होती. मी ऐकलंय.

भावाने चिकटपट्टी ओरबाडली आणि झाकण वर केलं. मी पूर्ण वेगात होतो. त्याने उजवा हात आत घातला.

मला थांबता येत नाही. बटण बंद केलं तरी मला थांबायला दीड मिनिट लागतं, आणि तिथे कोणी बटणही बंद केलं नव्हतं. नळी धरणाऱ्या माझ्या लोखंडी पेल्याने त्याची दोन बोटं मुळापासून मोडली आणि तिसऱ्याचं टोक उडालं. हाडाचा आवाज लाकडापेक्षा ओला असतो. भिंतीवर, छतावर, लगबगच्या तोंडावर रक्त उडालं. माझा तोल गेला, मी टेबलावर नाचू लागलो, आणि काकांनी पडल्या पडल्या सरपटत जाऊन माझी वायर उपटली.

सगळे थिजले. तो वेल्डर आपल्या हाताकडे बघत होता आणि त्याला अजून दुखायला लागलं नव्हतं.

लगबग उठली. एक डोळा मिटलेला, मानेवरून रक्त ओघळतंय. तिने त्याचं मनगट दोन्ही हातांनी आवळून वर धरलं आणि ज्यांनी तिला आत्ता लाथा मारल्या होत्या त्या दोघांना म्हणाली, "बघत काय बसलात? मागून धरा त्याला, पडेल तो." त्यांनी धरलं. तिने कापसाचे गोळे कोंबले, पट्टी गुंडाळली आणि त्याला घेऊन शेजारी गेली. पोलीस येईपर्यंत तिच्या कानाला कोणी हात लावला नव्हता.

त्या गोंधळातच काकांनी माझ्या पोटातून ती नळी काढली. फुटली नव्हती. त्यांनी ती फ्रीजरमध्ये ठेवून दिली. पोलिसांनी पंचनामा केला, माझं झाकण बंद करून पट्टी मारली, आणि मी जड म्हणून मला जागेवरच सील केलं.

दुसऱ्या दिवशी इस्पितळाचे अधीक्षक येऊन बघून गेले. नाकावर रुमाल. म्हणाले, "हा अभ्यास आजपासून बंद. फ्रीजर रिकामा करा."

बाई म्हणाल्या, "लेखी द्या."

"लेखी कशाला?"

"बंद कोणी केला ते उद्या कोणी विचारलं तर सांगता यायला हवं ना."

साहेब म्हणाले, समितीपुढे ठेवतो. म्हणजे आठ-दहा दिवस मिळाले.

चौथ्या दिवशी लगबग आली. कानाला सात टाके, डोळ्याभोवती जांभळं. पहिल्यांदाच ती हळू चालत होती. वही, पेनं, बादलीखालची चप्पल, सगळं पिशवीत भरू लागली. बाई दारात उभ्या होत्या.

"राजीनामा टाइप केलाय," लगबग म्हणाली. "आईने खोली बघून ठेवलीय दवाखान्यासाठी."

"बरं. बस जरा."

"बाई, मला समजावू नका."

"समजावत नाहीये. हिशेब लावू या. कडी कोणाची? माझी. तीन अर्जांवर सह्या केल्या आणि विसरले. तुला तीस तास उभं केलं ते कोणी? माझ्याच विभागाने. त्याने तुला मारलं, ते त्याचं. तक्रार मागे घ्यायची नाही, त्याचं उत्तर त्याने द्यायचं. आता तुझं काय राहिलं?"

लगबगने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "भाऊ दाराशी होता. काकांनी सांगितलं होतं मला."

"तेवढं तुझं."

"तेवढंच पुरे आहे की."

बाई बादलीवर बसल्या, तिच्या जागेवर. "एक मुलगा होता इथे. अंगठा मोडून गेला. मी त्याला जाऊ दिलं, वर चार शब्द सुनावून. तो आता काय करतो मला माहीत नाही, आणि विचारायची मला लाज वाटते. तुला जायचं तर जा. पण चूक तशीच ठेवून जाऊ नकोस, ती अंगाला चिकटते. वर दुसऱ्या मजल्यावर तो वेल्डर आहे. मी रोज जातेय त्याच्याकडे. पहिल्या दिवशी पाण्याची बाटली फेकून मारली." बाईंनी बाही वर करून दंडावरचं काळंनिळं दाखवलं. "काल विचारलं त्याने, रक्त कुठाय म्हणून."

"मला बघितलं तर परत मारेल तो."

"मारेल कदाचित. मी मध्ये बसेन."

दोन दिवसांनी तो वेल्डरच खाली आला. स्वतःच्या पायांनी, हात गळ्यात बांधलेला, सोबत एक पोलीस आणि त्याची आई. आईने खोलीभर बघितलं आणि मला बघून पदर तोंडाला लावला. मला तेव्हा लपायला जागा असती तर बरं झालं असतं.

लगबग उभी होती. बोलली सरळ. "तुम्ही दाराशी होतात हे मला माहीत होतं. आधी तुमच्याकडे यायला हवं होतं. मी नाही आले. ते चुकलं."

तिने मग सगळं सांगितलं. नळी कशाला घेतली, त्यातून काय शोधायचं आहे. चिठ्ठी न बघता, घाई न करता.

"ह्याने तो वाचला असता?" त्याने विचारलं.

"नाही."

"पुढे कोणी वाचेल?"

"माहीत नाही. दोनशे नळ्या झाल्याशिवाय काही सांगता येणार नाही."

मग तिने विचारलं, "ही नळी अभ्यासात ठेवू का? नाही म्हणालात तर नाही. त्याचा तुमच्या केसशी संबंध नाही, तुमच्या उपचाराशीही नाही."

तुम्हाला सांगतो, त्या फ्रीजरमध्ये तशी दुसरी नळी नव्हती. इतक्या लवकर काढलेली, इतकं रक्त जात असताना काढलेली. तिचा प्रश्न ज्या माणसाबद्दल होता, तो माणूस त्या नळीत होता. हे तिला माहीत होतं, बाईंना माहीत होतं. मला तर होतंच.

"नाही," तो म्हणाला.

बाईंनी डोळे मिटले. लगबगने मान हलवली, फ्रीजर उघडला, नळी काढली, पिशवीत बंद केली आणि त्याच्या डाव्या हातात दिली.

त्याने ती उजेडात धरली. "एवढंच?"

"एवढंच. चमचाभरही नाही."

"मला वाटलं बाटल्या भरल्या असतील," तो म्हणाला आणि स्टुलावर बसला. एवढा दांडगा माणूस, पण रडताना त्याला आवाज फुटेना. आईने त्याच्या हातातून ती नळी घेतली, रुमालात गुंडाळली, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. मग ते गेले.

लगबगने रजिस्टर उघडलं. बासष्ट नंबरसमोर लिहिलं: विचारलं, नाही म्हणाले, परत दिलं. मग पेन तसंच धरून बसली.

"बाई, तो नाही म्हणाला तेव्हा मला बरं वाटलं."

"का?"

"खरंच विचारलं होतं म्हणून. त्या एकसष्ट जणांना मी विचारलंच नाहीये हो. सह्या घेतल्यात नुसत्या."

बाई म्हणाल्या, "मग?"

"परत जाते. सगळ्यांकडे."

"एकसष्ट घरं? काही जण वारलेत त्यातले. घरचे दारात उभं करणार नाहीत."

"नाही करणार."

"साहेब हसतील."

"हसू दे." तिने राजीनाम्याचा कागद पिशवीतून काढला, त्याच्या पाठीमागे पहिल्या दहा जणांचे पत्ते लिहायला घेतले.

सात महिने लागले; तोवर समितीने निर्णय पुढे ढकलला. तिच्या सुट्टीच्या दिवशी दोघी जायच्या. काका मला सगळं येऊन सांगायचे, कारण माझा प्लग काढलेला होता आणि मला दुसरं काही काम नव्हतं. एका घरी कुत्रं सोडलं. एका म्हाताऱ्याने चपला फेकल्या. एका विधवेने तीन तास बसवून घेतलं, नवऱ्याचे सगळे फोटो दाखवले आणि शेवटी नाही म्हणाली. एका माणसाने विचारलं, "मी सही केली होती? कधी?" तेवीस जणांनी नाही म्हटलं. तेवीस नळ्या बाद. समितीने ते रजिस्टर बघितलं आणि अभ्यास चालू ठेवला. दोनशेच्या वाटेवर ती अडतीसवरून पुन्हा निघाली, नव्या यंत्रासह. त्याची कडी दांडगी आहे, काका रोज ओढून बघतात.

पुढे कोर्टात तिची साक्ष झाली. त्याने कसं मारलं ते तिने एक शब्द न वगळता सांगितलं, आणि आपण काय केलं नव्हतं तेही. त्याला आठ महिन्यांची कैद झाली. आता तो सुटलाय. डाव्या हाताने वेल्डिंग शिकतोय, म्हणतात.

तरुण डॉक्टरांनो, तुम्ही माझ्यासारख्या यंत्रापुढे उभे राहाल तेव्हा तुमच्या हातात चार मिनिटंच असतील. ती नेहमी चारच असतात. तरी मागे वळून दाराकडे बघा. आणि तुम्हाला ते आठवण करून देणारं कोणी मोठं माणूस जवळ नसेल, तर ते आधी शोधा, माझं बटण नंतर.

माझं मात्र एक काम राहून गेलं. सील लागलं त्यामुळे मला आतून कोणी धुतलं नाही. माझ्या तळाच्या खाचेत त्या थोरल्या भावाचं रक्त वाळून बसलंय. ते त्याने मला दिलं नव्हतं, मी मागितलं नव्हतं. उद्या भट्टीत ते माझ्याबरोबर जाईल. तुमच्यापैकी कोणी त्याच्या घरावरून गेलंच, तर त्याला एवढं सांगा, की त्याचंही परत द्यायचं होतं.